शेतसारा दहा रुपये, पावती नव्वदची! उपकर आणि अधिभार म्हणजे नेमकं काय?

महसुली वर्ष ३१ जुलैला संपतं. त्याआधी वसुलीचा जोर वाढतो आणि चावडीवर दरवर्षी एक संवाद हमखास ऐकायला मिळतो. "भाऊसाहेब, माझा आकार दहा रुपये आन् तुम्ही नव्वद कसं मागताय?" तलाठी (आता त्यांचं पद ग्राम महसूल अधिकारी) सवयीनं उत्तर देतात, "आबा, दहा सरकारचे, सत्तर जिल्हा परिषदेचे, दहा ग्रामपंचायतीचे." आबा पैसे देतात, पावती घडी करून टोपीत किंवा बंडीच्या खिशात ठेवतात आणि घरी जातात. ते सत्तर कशाचे आणि ते पुढं कुठं जातात, हे विचारायचं राहून जातं.

या नव्वदमधले ऐंशी रुपये म्हणजे उपकर. बोलीत सेस. आधीच्या करावर बसवलेला आणखी एक कर. रक्कम छोटी आहे म्हणून कुणी भांडत नाही. पण हीच पद्धत डिझेलच्या पंपावर, पाटाच्या पाणीपट्टीत, जमिनीच्या खरेदीखतात आणि नोकरदाराच्या पगारातही आहे, आणि तिथली रक्कम छोटी नाही.

आधी शब्द समजून घेऊ

कर म्हणजे सरकारच्या सामाईक तिजोरीत जाणारा पैसा. त्यातून रस्ता होईल, पगार होईल, कर्जाचं व्याजही जाईल. कर देणाऱ्याला 'माझ्या रुपयाचं काय केलं' असं थेट विचारता येत नाही.

उपकर म्हणजे एखाद्या ठरावीक कामाचं नाव सांगून घेतलेला जादा कर. शिक्षण, रस्ते, शेती, रोजगार हमी असं त्याच्या नावातच काम लिहिलेलं असतं. त्या कामालाच तो खर्च व्हावा, ही अपेक्षा.

अधिभार म्हणजे मूळ करावर टाकलेलं जादा ओझं. इथं कामाचं नाव असायलाच हवं असं नाही. सरकारला पैसा कमी पडतो, मग ज्यांची ऐपत आहे त्यांच्याकडून किंवा ज्या वस्तूवर सहज वसूल होतो तिच्यावर थोडं वाढवून घेतलं जातं. केंद्र सरकारला असा अधिभार लावायचा अधिकार घटनेच्या कलम २७१ नं दिलेला आहे.

एक गल्लत मात्र नेहमी होते. बाजार समितीत आडत्याकडं पट्टी करताना 'सेस' हा शब्द येतो. तो बाजार समितीची बाजार फी आहे, करावरचा कर नाही. शिवाय कायद्यानं ती खरेदीदारानं भरायची आहे, शेतकऱ्यानं नव्हे. कुणी पट्टीतून ती कापून घेत असेल तर तिथंच हरकत घ्यावी.

सातबारा-आठ अ वरचा उपकर

ज्यांच्याकडं आठ अ चा उतारा आहे त्यांनी तो काढून पाहावा. आकाराच्या पुढं जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत असे स्थानिक कराचे रकाने आहेत. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ आणि ग्रामपंचायत अधिनियम या दोन कायद्यांखाली जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयावर हे उपकर बसतात. ग्रामपंचायतीचा उपकर रुपयाला १०० पैसे, म्हणजे एकपट. जिल्हा परिषदेला आपला दर वाढवता येतो आणि जिथं तो वाढून ७०० पैशांवर गेला आहे तिथं तो सातपट. म्हणून आकार १० रुपये असेल तर जि. प. चे ७० आणि ग्रा. पं. चे १०, एकूण ९०. मूळ करापेक्षा त्याच्यावरचा कर आठपट, अशी ही उलटी गंमत.

ज्यांची जमीन मोठी त्यांना आणखी एक जोड आहे. १९७४ च्या कायद्यानं ८ ते १२ हेक्टर धारण करणाऱ्यांना ५० टक्के आणि १२ हेक्टरच्या वर असणाऱ्यांना १०० टक्के वाढीव जमीन महसूल लागतो. वाटण्या होऊन होऊन आता असे खातेदार गावात बोटावर मोजण्याएवढेच उरलेत. तरी एकत्र कुटुंबाच्या नावावर जुनं मोठं खातं तसंच असेल तर तिथं ही रक्कम दिसते.

सातपटीचं कारण उघड आहे. जमिनीचा आकार जुन्या जमाबंदीचा आहे. गेल्या कित्येक पिढ्यांत तो फारसा हललेला नाही आणि तो वाढवायची हिंमत कुठल्याच सरकारनं केलेली नाही. मूळ कर गोठलेला राहिला, म्हणून वरचा उपकर पटीनं वाढवावा लागला.

कालव्याखालच्या शेतकऱ्याला दुसरा उपकर लागतो. पाटबंधारे खात्याच्या पाणीपट्टीवर २० टक्के स्थानिक उपकर असतो. पाणीपट्टी १,००० रुपये झाली तर मागणी १,२०० ची येते. ऊसवाल्यांची ही रक्कम अनेक ठिकाणी कारखाना बिलातूनच कापतो, त्यामुळं ती किती होती हे बऱ्याच जणांना कळतही नाही. कपातीची चिठ्ठी मागून घ्यावी.

जमिनीची खरेदी करताना ग्रामीण भागात मुद्रांक शुल्काबरोबर जिल्हा परिषदेसाठी १ टक्का अधिभार भरावा लागतो. १० लाखांच्या खरेदीला १० हजार रुपये. शेतसाऱ्यावरच्या सत्तर रुपयांची चर्चा चावडीवर होते, पण या दहा हजारांबद्दल दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर कुणी चकार शब्द काढत नाही. दस्त लिहिणारा एकच आकडा सांगतो, माणूस भरून मोकळा होतो.

एक आण्यापासून सुरुवात

हा प्रकार आजचा नाही. पेशवाईत सरकारचं कर्ज फेडायला कर्जपट्टी नावाची जादा वसुली होती. गावाला पट्टी बसली की पाटील-कुलकर्णी ती घरोघर वाटून टाकायचे. आजही गावात जत्रेची, हरिनाम सप्ताहाची 'पट्टी' बसते, तो शब्द तिथूनच चालत आलेला.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याखाली शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयावर एक आणा 'लोकल फंड' घेतला जायचा. त्यातला दोन तृतीयांश रस्ते वगैरे बांधकामाला आणि एक तृतीयांश शाळांना, अशी वाटणी ठरलेली होती. महाराष्ट्रातल्या अनेक जुन्या मराठी शाळांना पैसा मिळाला तो या एक आण्यातून. म्हणजे कुणब्याच्या साऱ्यावरचा उपकर. पण त्या शाळेत कुणब्याचं पोर किती बसलं? महात्मा फुल्यांचं भांडण नेमकं यावर होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं दिलेल्या निवेदनात त्यांनी हेच मांडलं, की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर होतो. 'शेतकऱ्याचा असूड' मध्येही लोकल फंडावर त्यांनी कोरडे ओढलेले आहेत. उपकराला नाव एकाचं आणि फायदा दुसऱ्याचा, ही तक्रार इतकी जुनी आहे.

रोजगार हमीचं उदाहरण

सगळेच उपकर वाया गेले असं मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. तिला कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. त्याच्या जोडीला इतर करांवर जादा आकारणी झाली, बागायती जमिनीवर आणि शहरातल्या बिगर राहत्या इमारतींवर रोजगार हमी उपकर बसला. जेवढा पैसा या करांतून येईल तेवढाच सरकारनं आपल्या खिशातून घालायचा, असा नियम होता. शहरातला पगारदार आणि दुकानदार आपल्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम देत होता. पाझर तलाव, नालाबांध, गावरस्ते यांच्या रूपानं हे काम आजही दिसतं. तालुक्याच्या गावात गाळा असेल तर नगरपालिकेच्या बिलात 'शिक्षण कर' आणि 'रोजगार हमी कर' हे रकाने अजून आहेत, बघून घ्यावेत.

डिझेलच्या एका लिटरमध्ये किती कर?

आता खरा मोठा विषय. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, लाईट गेल्यावरचं इंजिन, माल बाजारात नेणारा टेम्पो, सगळं डिझेलवर. केंद्राचं उत्पादन शुल्क म्हणून आपण जे एकच नाव घेतो त्याच्या पोटात चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

मे २०२२ मधल्या कपातीनंतर डिझेलवर केंद्राचा लिटरमागं एकूण १५ रुपये ८० पैसे कर होता. त्याची फोड अशी : मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ८० पैसे, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क ८ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर २ रुपये आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर ४ रुपये. एप्रिल २०२५ मध्ये विशेष अतिरिक्त शुल्क आणखी २ रुपयांनी वाढलं.

शंभर लिटर डिझेल टाकलं तर मे २०२२ च्या हिशेबानं केंद्राला गेले १,५८० रुपये. त्यात खरा 'कर' फक्त १८० चा. उरलेले १,४०० रुपये उपकर आणि अधिभाराच्या जातीचे.

फरक पडतो तो इथं. केंद्र जो मूळ कर गोळा करतं त्यातला ठरावीक वाटा राज्यांना द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगानं तो ४१ टक्के ठेवला. पण घटनेच्या कलम २७० प्रमाणं उपकर आणि अधिभार या वाटणीत येत नाहीत. तेव्हा त्या १,५८० मधून वाटणीला आले १८० आणि सगळ्या राज्यांना मिळून मिळाले ७३ रुपये ८० पैसे. त्यातून महाराष्ट्राच्या वाट्याला किती आणि तिथून गावापर्यंत किती, हे ज्यानं त्यानं मनात करावं.

हे कसं घडलं त्याचा एक नमुना बघण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात कृषी उपकर आला तेव्हा 'पंपावरचा भाव वाढणार नाही' असं सांगितलं गेलं आणि ते खरंही होतं. डिझेलवर ४ रुपये उपकर लावला, त्याच वेळी मूळ शुल्क ४ रुपये ८३ पैशांवरून १ रुपया ८० पैशांवर आणलं आणि विशेष शुल्क ९ वरून ८ रुपये केलं. गिऱ्हाइकाला काहीच कळलं नाही. पण राज्यांबरोबर वाटून घ्यायचा भाग ४ रुपये ८३ पैसे होता तो १ रुपया ८० पैसे झाला. नाव शेतीचं आणि कात्री राज्यांच्या वाट्याला, असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही. केंद्राची बाजू अशी की हा पैसाही शेवटी राज्यांमधल्याच रस्त्यांवर आणि योजनांवर खर्च होतो. त्यातही तथ्य आहे. फक्त कुठं खर्च करायचा हे ठरवणारा हात दिल्लीचा राहतो.

याच्यावर राज्याचा व्हॅट. महाराष्ट्रात २०२४ पासून डिझेलवर सगळीकडं २१ टक्के. हा व्हॅट केंद्राचं शुल्क धरून झालेल्या किमतीवर लागतो. म्हणजे केंद्राच्या १५ रुपये ८० पैशांवरही राज्यानं २१ टक्के लावले, ते झाले ३ रुपये ३२ पैसे. करावर कर म्हणतात तो अक्षरशः हा. दिल्लीनं कर वाढवला की मुंबईचाही आपोआप वाढतो आणि शिव्या मात्र दोघं एकमेकांना घालतात.

महाराष्ट्रानं स्वतःचा अधिभारही लावलेला आहे. २०१५ च्या दुष्काळात १ ऑक्टोबरपासून पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागं २ रुपये जादा घेतले, दुष्काळग्रस्तांसाठी म्हणून. पेट्रोलवर तर टक्केवारीच्या व्हॅटबरोबर लिटरमागं ठरावीक रुपयांचा अधिभार पुढं चढतच गेला. जुलै २०२२ मध्ये सरकारनं पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवलं. तरी पेट्रोलवर २५ टक्क्यांच्या वर लिटरला ५ रुपये १२ पैसे राहिलेच. दुष्काळ हटतो, पाऊस येतो, बंधारे भरतात. दुष्काळाच्या नावानं सुरू झालेली वसुली लगेच हटतेच असं नाही.

पगारदाराचा उपकर

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण घरात एखादा शिक्षक, बँकेतला किंवा कंपनीतला असतोच. २००४ मध्ये आयकरावर २ टक्के शिक्षण उपकर आला. २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का. २०१८ पासून दोन्ही मिळून आरोग्य व शिक्षण उपकर ४ टक्के. कर ६० हजार झाला तर उपकर २,४०० रुपये. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की आधी करावर १० टक्के अधिभार आणि मग दोघांच्या बेरजेवर ४ टक्के उपकर. म्हणजे १५ लाख कर असेल तर अधिभार दीड लाख आणि साडेसोळा लाखांवर उपकर ६६ हजार. करावर अधिभार, त्याच्यावर उपकर, तीन मजली इमारत.

यातली खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. माध्यमिक शिक्षणाचा १ टक्का २००७ पासून कापला जात होता, पण तो पैसा ठेवायला स्वतंत्र निधी उभारायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ऑगस्ट २०१७ मध्ये. दहा वर्षं पैसा नावानं वेगळा आणि जागेनं सामाईक. महालेखापरीक्षकांनी यावर ताशेरे ओढले. उपकर घेतला म्हणजे तो त्या कामाला गेला असं गृहीत धरता येत नाही, ते यामुळंच.

काही उपकर बंदही होतात. सेवाकरावर नोव्हेंबर २०१५ मध्ये अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर आणि जून २०१६ मध्ये अर्धा टक्का कृषी कल्याण उपकर लागला होता. मोबाईलच्या रिचार्जमधूनही तो जायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दोन्ही गेले. (हे दोन उपकर कराच्या रकमेवर नव्हते, सेवेच्या किमतीवर होते. सगळेच उपकर करावर बसतात असं नाही, काही किमतीवर, काही लिटरवर, काही टनावर.)

आपले सत्तर रुपये परत कसे येतात?

पुन्हा चावडीवर येऊ. तलाठ्याकडं भरलेला जिल्हा परिषदेचा उपकर आधी सरकारी तिजोरीत जातो आणि तिथून जिल्हा परिषदेला अनुदान म्हणून मिळतो. पाणीपट्टीचा उपकर आणि मुद्रांक शुल्काचा वाटाही तसाच. हा सगळा मिळून जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा, ज्याला कार्यालयात सगळे 'सेस फंड' म्हणतात. राज्याच्या किंवा केंद्राच्या योजनेचा पैसा ठरल्याप्रमाणंच खर्चावा लागतो. सेस फंडात मात्र काय घ्यायचं हे जिल्हा परिषद ठरवते. फवारणी पंप, कडबाकुट्टी, ताडपत्री, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मुलींना सायकली, अशा अनुदानाच्या योजना बहुतेक यातूनच निघतात. त्यातला २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो.

अर्ज पंचायत समितीत घेतात. कृषी विभागाच्या योजना कृषी अधिकाऱ्याकडं, शिलाई मशीन वगैरे एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात, मागासवर्गीयांच्या समाजकल्याणकडं. सातबारा, आठ अ, आधार, बँक पासबुक एवढी कागदं बहुतेक ठिकाणी लागतात, काही योजनांना ग्रामसभेचा ठराव मागतात. अडचण ही की जाहिरात कधी निघते ते गावाला कळत नाही. नोटीस पंचायत समितीच्या फळ्यावर लागते, मुदत पंधरा दिवसांची, आणि ज्याची तालुक्याला ऊठबस आहे त्यालाच मशीन मिळतं.

जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक मार्चमध्ये मांडलं जातं. २०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, तेव्हा ते प्रशासकांनीच मांडलं आणि त्यांनीच मंजूर केलं. सेस फंडाला किती जमा धरली, गेल्या वर्षी किती आली, आपल्या पंचायत समितीला कुठल्या योजनेत किती लाभार्थी दिले, हे सगळं त्या पुस्तकात असतं. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातही जमीन महसुलावरच्या उपकराची जमा वेगळी दाखवावी लागते. ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना त्या ओळीवर बोट ठेवायला सांगता येतं. माहिती अधिकारात मागायची असेल तर अर्ज १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा आणि 'उपकर अनुदान जमा व स्वनिधी खर्च, तालुकानिहाय' असे शब्द घालावेत. नुसतं 'सेसची माहिती' लिहिलं तर प्रश्न मोघम आहे म्हणून अर्ज परत येतो.